वगळलेल्या तीन ओळी

एकतीस वर्षं मी पिठाच्या गिरणीत कॅशिअर होते आणि एकतीस वर्षांत माझ्या पेटीत एका सांतिमचा, आमच्या सगळ्यांत लहान नाण्याचाही फरक निघाला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चांगलीच वेंधळी दिसणार आहे. दोन आठवडे मी स्वतःलाही तशीच दिसत होते.

माझी मुलगी फ्रेहिवोत टोरांटोत असते. आठ वर्षांचीही पुरती नव्हती तेव्हा माझ्या बहिणीबरोबर गेली, आता एक्केचाळीसची आहे. आमची भाषा बोलते, पण वाचता येत नाही. बोलतानाही मध्येच अडखळते आणि मग शब्द मी पुरवते. दर महिन्याला मला पैसे पाठवते. गेल्या वर्षी तिनं संगणकावर हिशेबाचा एक प्रोग्राम घेतला आणि तेव्हापासून तिच्या घरात कांदे किती आले तेही त्यात नोंदलं जायला लागलं. मग तिच्या मनात आलं, आईचे हिशेबही त्यातच असावेत.

"तुला काही लिहायला नको, इमाये," ती म्हणाली. इमाये म्हणजे मी, तिची आई. "तुझ्या बचत संस्थेकडून वर्षभराच्या व्यवहारांची फाइल घे आणि मला पाठव. मी ती प्रोग्राममध्ये घेतली की सगळं आपोआप."

"आपोआप काय?"

"किती आले, किती गेले, कशावर गेले."

"ते मला आत्ताही माहीत आहे."

"अगं, पण मला माहीत नाही ना!"

संस्थेतल्या मुलीनं फाइल काढून दिली, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं ती टोरांटोला धाडली. पावत्या माझ्या डब्यात होत्याच. पैसे काढले की पावती डब्यात, ही गिरणीतली सवय.

चार दिवसांनी फोन आला तो हसतच. माझे सगळे व्यवहार दोन हजार सोळा सालात जाऊन पडले होते. फाइलमधलं आमच्या पंचांगाचं सोळा आणि तिच्याकडचं सोळा यांत आठ वर्षांचं अंतर. त्या प्रोग्रामच्या मते मी तिचे पैसे यायच्या आठ वर्षं आधीच ते उडवून मोकळी झाले होते.

"एवढी उधळी आई कुणाला मिळते!" फ्रेहिवोत म्हणाली. "थांब, मी तक्ता करते. मावशीला विचारून आपले महिने एका बाजूला, इकडचे दुसऱ्या बाजूला. मेस्केरेमचा सप्टेंबर, तिकिमतचा ऑक्टोबर... आठदहा दिवस इकडेतिकडे होतील, पण चालतं."

हिशेबात "चालतं" हा शब्द मला खपत नाही. पण पोर उत्साहात होती, म्हणून गप्प बसले.

पुढच्या फोनवर ती हसत नव्हती.

"इमाये, तुझ्या खात्यात आज शिल्लक किती?"

"एकसष्ट हजार दोनशे वीस बिर."

"माझ्याकडे पंचाहत्तर हजार पाचशे सत्तर येतात. सगळे व्यवहार आत घेऊन सुद्धा. म्हणजे चौदा हजार तीनशे पन्नास कुठेतरी गेलेत आणि त्यांची नोंद नाही. कुठे गेले?"

मला वाटलं, यात काय अवघड आहे? आत्ता सांगते. आणि मी तोंड उघडलं, तर सांगायला काही नव्हतं.

"ऑगस्टमध्ये काही मोठा खर्च केलास का?" तिनं विचारलं.

"ऑगस्ट म्हणजे कधी?"

"अगं, ऑगस्ट. नेहासे. बरं, मग सप्टेंबरमध्ये?"

तिनं संगणकावरची यादी मला फोनमध्ये दाखवली. माझंच खातं होतं, रकमा माझ्याच होत्या, आणि तारखा बघितल्या की एकही गोष्ट मी केल्यासारखी वाटेना. बावीस नोव्हेंबरला पत्रे घेतले म्हणे. पत्रे मी मिकाएलच्या सणानंतर दुसऱ्या दिवशी घेतले, तेव्हा अंगणात गवत वाळत घातलेलं होतं, हे मला लख्ख आठवतं. बावीस नोव्हेंबरला मी काय करत होते ते मला विचाराल तर मी शपथेवर सांगते, ठाऊक नाही. मी तशी होतेच कुठे बावीस नोव्हेंबरला?

"बरं, हे सांग," फ्रेहिवोतचा आवाज एकदम मऊ झाला. आजाऱ्याशी बोलतात तसा. "इथे एक टीप आहे, तुझ्या संस्थेनं वेळ टाकलीय. दोन चाळीसला दोन हजार काढलेस. दोन चाळीसला, इमाये?"

"हो. दोन चाळीसला गर्दी नसते."



"तू एकटी गेलीस?"

"मग काय वरात घेऊन जाऊ? दोन वाजता शेजारच्या देब्रेवोर्कला हाक मारली, तिला झोप येत होती. म्हणून एकटीच गेले."

खरं तेच सांगत होते. आमच्याकडे सूर्य उगवला की तास मोजायला लागतात. दोन चाळीस म्हणजे पोरं शाळेत जाऊन बसलेली असतात आणि बाजारात उन्हं आलेली असतात. तिच्या चोवीस तासांच्या घड्याळात दोन चाळीसला मध्यरात्र उलटून गेलेली असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे मात्र एक म्हातारी अंधारात, कुत्र्यांतून, बंद संस्थेकडे पैसे काढायला निघालेली उभी राहिली असणार.

दोन दिवसांनी तिनं स्पष्टच सांगितलं. रडत होती, पण ठाम होती.

"मी तिकीट काढतेय. तुला इकडे आणायचं. घर भाड्यानं देऊ, खातं वुबेशेतच्या सहीवर करू."

वुबेशेत माझा भाचा. त्याला स्वतःच्या मोटारीची किल्ली सापडत नाही.

"का पण?" मी विचारलं.

"इमाये, चौदा हजारांचं तुला आठवत नाही. महिने आठवत नाहीत. पहाटे... जाऊ दे. आजीचं काय झालं होतं ते तूच मला सांगितलंयस."

माझी आई शेवटी शेवटी मेलेल्या माणसांसाठी कॉफीचे कप मांडायची आणि ती आली नाहीत म्हणून आमच्यावर चिडायची. सुरुवात तिचीही पैशांपासूनच झाली होती.

"रविवारपर्यंत थांब," मी म्हटलं. "मला हिशेब लावू दे. नाही लागला तर तू म्हणशील तसं."

त्या आठवड्यात मी स्वतःवर पहारा ठेवला. शिरोचं पिठलं उतरवल्यावर चूल विझवायची राहिली, की मनात पाल चुकचुकायची. दार लावलं का, हे परत जाऊन बघायची आणि बघितलं का, तेही परत बघायची. पासबुक उघडलं, तर ते अर्ध्या वर्षापासून भरून घेतलेलंच नव्हतं. संस्थेत गेले, तर छापायचं यंत्र बिघडलेलं. मग मी गिरणीच्या पद्धतीनं कागदावर बारा रकाने आखले. पगाराच्या वहीत असायचे तसे, मेस्केरेमपासून नेहासेपर्यंत. प्रत्येक महिन्याचा खर्च आठवून आठवून लिहिला: तेफचं पीठ, कोळसा, वीज, मयतीला मदत करणाऱ्या ईदिरची वर्गणी, रक्तदाबाच्या गोळ्या, पत्रे. तीन वेळा बेरीज केली. तिन्ही वेळा चौदा हजारांचं भोक तसंच.

तेव्हा मला खरंच भीती वाटली. घर जाईल याची नाही. फ्रेहिवोतचं बरोबर असेल, याची. जिची पेटी एकतीस वर्षं जुळली ती बाई हीच का, असं वाटून मी पासबुकावरचा स्वतःचा फोटो बघत बसले होते.

शनिवारी दुपारी देब्रेवोर्क कॉफीला आली. भिंतीपलीकडे राहते, शाळेत स्वयंपाकीण होती, तोंडानं फटकळ. कोळशावर बुन्ना, म्हणजे कॉफीचा दाणा, भाजायचं काम तिनं माझ्या हातून काढून घेतलं, कारण मी तो करपवला होता.

"टोरांटोला तुला कोंबडीसारखं जाळीच्या कुंपणात ठेवणार म्हणे," ती म्हणाली. "बर्फात चालता येईल का तुला? इथे चिखलात आपटतेस."

"गप बस, देब्रे. पावत्या लावायच्यात मला."

"लाव की. मी काय तुझे हात धरलेत?"

पावत्यांचा डबा मी स्टुलावर उपडा केला. खिडकी उघडी होती, एक पावती उडून निखाऱ्यांकडे चालली. देब्रेनं ती झडप घालून पकडली.

"अगं, कपात घाल त्या! कॉफीला अजून वेळ आहे."

माझा कॉफीच्या कपांचा संच लग्नातला आहे. बारा कप, एकही फुटलेला नाही. ट्रेमध्ये ओळीनं मांडले आणि एकेका कपात एकेका महिन्याच्या पावत्या गुंडाळून उभ्या करत गेले. हा मेस्केरेम, हा तिकिमत, हा हिदार. देब्रे तारीख वाचायची, मी घालायची. बारावा कप नेहासेचा. तो भरला आणि माझ्या हातात तीन पावत्या उरल्या.

मी त्या उलटसुलट केल्या. मग ट्रेकडे बघितलं. पुन्हा पावत्यांकडे बघितलं.

"काय झालं?" देब्रे म्हणाली. "कप कमी पडला?"

"तारीख वाच."

तिनं हात लांब धरून वाचलं. "पाग्मे एक. नऊ हजार. पाग्मे दोन. तीन हजार सहाशे. पाग्मे तीन, सतराशे पन्नास. हे तर रुफाएलच्या नवसाचे गं! मेंढी आपण दोघींनी आणली, मला त्या मेंढीनं लाथ मारली. अजून निळं आहे बघ."

चौदा हजार तीनशे पन्नास.

पाग्मे. तीस-तीस दिवसांचे बारा महिने संपले की नव्या वर्षाआधी जे पाच दिवस उरतात, तो आमचा तेरावा महिना. आणि मी, यशिमबेत, तो विसरले! का विसरले तेही लगेच कळलं, आणि कळून संतापच आला. गिरणीत पाग्मेचा पगार नसायचा. कुठेच नसतो. पाच दिवस काम करायचं आणि पगाराच्या वहीत बारा रकाने. एकतीस वर्षं बारा रकाने आखल्यावर हात तेरावा आखेल कशाला? आणि नवसाचे पैसे मी खर्चात कधी धरलेच नाहीत. ते रुफाएल देवदूताचे. माझ्या हातून नुसते जातात.

"पाग्मेत पगार नाही, पोट मात्र आहे," देब्रे म्हणाली. "मी हेडमास्तरांना दर वर्षी सांगायची. आता तिला फोन लाव आणि चांगली खडसाव."

खडसावायचंच होतं. टोरांटोत सकाळ होती, फ्रेहिवोतचे केस ओले होते.

"तुझ्या तक्त्यात महिने किती?" मी नमस्कारही न करता विचारलं.

"बारा. का?"

"वर्षाला महिने किती?"

"इमाये..." तोच तो मऊ आवाज. "बारा, इमाये."

"तेरा! मावशीनं तुला बारा सांगितले असतील तर तीही तिथे राहून बावळट झालीय. पाग्मे कुठाय?"

ती गोंधळली. मग काहीतरी चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

"अगं, हो..." ती हळूच म्हणाली. "फाइल आत घेताना त्यानं विचारलं होतं. तीन ओळींची तारीख चुकीची आहे, असा महिना नाही, वगळू का? मी हो म्हटलं. मला वाटलं, तुमच्या संस्थेनं काही चुकीचं छापलं असेल. ओळी बघितल्याही नाहीत मी."

"आणि मला वेड्यात काढलंस!"

"पण मग ते दोन चाळीसचं?"

तेही मी सांगितलं. सूर्य कधी उगवतो, तास कधीपासून मोजायचे, सगळं. देब्रे मागून ओरडली, "तिला म्हणावं, आम्ही रात्री झोपतो!" फ्रेहिवोत हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, सॉरी सॉरी म्हणत राहिली. मी जिंकले होते. मला फार बरं वाटत होतं.

"थांब, आत्ताच घालते त्या तीन ओळी," ती म्हणाली. "पाग्मे तीन म्हणजे इकडची तारीख कोणती?"

"आठ सप्टेंबर." ही एक तारीख मला त्यांच्या भाषेत पाठ आहे.

"आणि हा खर्च कशाचा? मेंढी, पीठ, आणि ही छत्री कसली?"

"चर्चला वाहायची, जरीची. नवस आहे माझा. तुझ्या आधी माझी तीन बाळं पोटातच गेली. मग मी रुफाएलला साकडं घातलं, तो बायकांची कूस उघडतो. आणि तू त्याच्याच दिवशी जन्मलीस, पाग्मे तीनला. पाऊस पडत होता. त्या दिवशीचा पाऊस पवित्र असतो, सुईणीनं तुला थेट पन्हाळीखाली धरलं. तेव्हापासून दर वर्षी चर्चच्या दारात जेवण घालते."



"माझा वाढदिवस एक सप्टेंबरला असतो," फ्रेहिवोत म्हणाली.

आणि तेव्हा मला कळलं की हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"ते कागदावर," मी म्हटलं.

"कागदावर म्हणजे?"

सांगावं लागलं. ते वर्ष, शहरात सैन्य शिरलेलं, बहिणीची जाण्याची वेळ झालेली, बाहेर गाडी चालू ठेवून उभी. अर्ज भरून देणारा माणूस टेबलाशी घामाघूम. त्यानं जन्मतारीख विचारली, मी सांगितली. तो म्हणाला, बाई, असा महिना या अर्जात नाही. जवळपासचं काहीतरी टाकू का? लांब कुठेतरी गोळीबार ऐकू येत होता. पोरगी माझ्या स्कर्टला धरून उभी होती, आणि मला फक्त ती त्या गाडीत चढलेली बघायची होती.

"मग?" फ्रेहिवोतनं विचारलं.

"मी हो म्हटलं."

देब्रेनं कॉफी ओतायला भांडं उचललं, कपांत पावत्या बघून परत खाली ठेवलं.

"नंतर का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

"आधी फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडायचे. मग तुला फोन करायची तेव्हा मागे पोरांचा गलका असायचा, केक आणलेला असायचा. मी शुभेच्छा द्यायची. आणि आठवड्यानं इकडे मेंढी आणायची."

"दोन्ही?"

"दोन्ही. तेहतीस वर्षं."

ती उठून गेली. रिकामी खुर्ची दिसत राहिली. परत आली तेव्हा नाक लाल होतं.

"नोंद करायचीय," ती म्हणाली. "हा प्रोग्राम विचारतो कशाखाली घालू. घर, औषध, अन्न, इतर. 'इतर'मध्ये टाकू?"

"इतर?" मी कडाडले. "इतरमध्ये टाकून तर बघ!"

"मग काय लिहू?"

"नवीन खातं उघड. त्याला तुझं नाव दे."

टाइप केल्याचा आवाज आला. अडखळत, एकेक अक्षर. मग ती म्हणाली, "एकसष्ट हजार दोनशे वीस. लागला हिशेब, इमाये. तंतोतंत."

"लागणारच. आणि ते तिकीट?"

"तिकिटाचं मी बघते."

"काय बघतेस? मी येणार नाही."

"तू नको येऊस. उलट्या बाजूचं मिळतं का ते बघते. पुढच्या पाग्मेचं. ती मेंढी कुठे मिळते, तिला धरतात कसं, मला काही माहीत नाही..." पुढे तिला शब्द सापडला नाही. एरवी मी पुरवते. त्या वेळी मलाही सापडला नाही.

फोन ठेवला. देब्रेनं भांड्यांच्या कपाटातून एक जाडजूड, कान तुटलेला चहाचा कप काढला, ट्रेच्या शेवटी ठेवला आणि त्या तीन पावत्या त्यात खोचल्या.

"लागला ना हिशेब?" ती म्हणाली. "तू शहाणी ठरलीस, घर राहिलं, पोरगी येतेय. मग रडतेस कशाला?"

"फरक निघाला, देब्रे," मी म्हटलं. "सात दिवसांचा. माझ्याकडून."